जुन्या कनूची पारख

मातीचे मडके विकत घेताना ते बोटाच्या पेराने वाजवून पाहण्याची रीत फार जुनी आहे. मडके दिसायला अखंड असले, तरी त्याच्या अंगात कोठे केसाएवढी चीर असली की त्याचा नाद बद्द येतो, आणि घेणारी बाई ते मुकाट्याने खाली ठेवून दुसरे उचलते. पारखीचे सारे शास्त्र या एवढ्याशा कृतीत सामावलेले आहे. वस्तूचे रूप डोळ्यांना फसवू शकते. परंतु ती ज्या द्रव्याची बनली आहे त्याचा स्वभाव ज्याला ठाऊक असतो, तो सहसा फसत नाही. मडके पारखताना चूक झाली तर फार तर घरात पाणी सांडेल. होडी पारखताना चूक झाली, तर माणूस भर पाण्यात सापडेल. म्हणून वापरलेली होडी विकत घेणाऱ्याने मडके घेणाऱ्या बाईपेक्षा चार गोष्टी अधिक जाणून घेतल्या पाहिजेत.

येथे विचार करावयाचा आहे तो ‘कनू’ या नावाच्या होडीचा, आणि त्यातही प्लास्टिकचे थर एकमेकांशी सांधून केलेल्या कनूचा. कनू ही उत्तर अमेरिकेची होडी. ती दोन्ही टोकांस निमुळती व वरून उघडी असते, आणि एक किंवा दोन माणसे हातातल्या सुट्या वल्ह्यांनी ती चालवितात. तेथील मूळ रहिवासी ती भूर्ज वृक्षाच्या सालीपासून बनवीत. त्या प्रदेशाच्या उत्तर भागात सरोवरांचे जाळेच पसरलेले आहे. एका सरोवरातून दुसऱ्यात जावयाचे तर मधल्या जमिनीवरून होडी खांद्यावर वाहून न्यावी लागते. साहजिकच हलकेपणा हा कनूचा पहिला गुण ठरला, आणि खडकाचा मार सोसण्याची ताकद हा दुसरा. हे दोन्ही गुण एकाच द्रव्यात मिळावेत म्हणून माणसाने पुष्कळ प्रयोग केले. सालीच्या जागी देवदाराच्या पातळ फळ्यांवर ताणलेला कॅनव्हास आला. दुसरे महायुद्ध संपत आले त्या सुमारास विमाने बांधणाऱ्या ग्रुमन कंपनीने ॲल्युमिनियमच्या कनू बनविल्या. आणि १९७० नंतरच्या दशकात थरांच्या प्लास्टिकची कनू सर्वत्र दिसू लागली.

कॅनडात व अमेरिकेत आता पुष्कळ मराठी कुटुंबे स्थायिक झालेली आहेत. उन्हाळ्याच्या सुटीत तंबू आणि शिधा घेऊन सरोवराकाठी जाण्याची तेथील रीत त्यांच्याही अंगवळणी पडत आहे. अशा कुटुंबाला एखाद्या घराच्या अंगणात, कुंपणाला टेकवून ठेवलेली आणि ‘विकणे आहे’ अशी चिठ्ठी लावलेली जुनी कनू दिसते, आणि मोह पडतो. नव्या होडीच्या मानाने किंमत पुष्कळच कमी असते. रंग थोडा उडालेला असतो, चार ओरखडे असतात. पण ते तर असावयाचेच, असे विकणारा सांगतो. त्याचे म्हणणे बहुधा खरेही असते. प्रश्न एवढाच असतो, की हे चार ओरखडे कातडीवरचे आहेत, की हाडापर्यंत गेलेले आहेत?

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी त्या प्लास्टिकची घडण समजून घ्यावी लागते. या जातीचे सर्वांत प्रसिद्ध प्लास्टिक म्हणजे रॉयलेक्स. रबराच्या धंद्यातील युनिरॉयल या अमेरिकन कंपनीने ते तयार केले. रॉयलेक्स हा एक पदार्थ नव्हे. तो अनेक थरांचा पत्रा आहे. मध्यभागी एबीएस या प्लास्टिकचा फेस असतो. हा फेस मऊ स्पंजासारखा नसून त्यात हवेच्या असंख्य बारीक, एकमेकींपासून अलग अशा बंद पोकळ्या असतात. फेसाच्या दोन्ही अंगांस त्याच एबीएसचे घट्ट थर असतात, आणि त्यांच्यावर, होडीच्या आतून आणि बाहेरून, रंगीत व्हिनाइलचा पातळ थर असतो. पुरणपोळीत पुरण जसे दोन पातळ पाऱ्यांमध्ये कोंडलेले असते, तशी ही रचना होय. हा पत्रा भट्टीत तापविला म्हणजे मधला फेस फुगतो. मग तो साच्यात ओढून घेतात, आणि निवाला की होडीचा आकार कायम राहतो.

या थरांपैकी प्रत्येकाचे काम वेगळे आहे. लाकडाची एखादी पातळ पट्टी हाताने सहज वाकते. पण तशाच दोन पट्ट्या मध्ये बोटभर अंतर ठेवून एकमेकींशी पक्क्या जखडल्या, तर त्या वाकविणे कठीण जाते. फेस हे अंतर राखण्याचे काम करतो, आणि तेही फारसे वजन न वाढविता. शिवाय त्यातील कोंडलेल्या हवेमुळे होडी पाण्याने भरली तरी तळाला जात नाही. घट्ट एबीएसचे थर हे या देहाचे बळ होत. सर्वांत वरचे व्हिनाइल मात्र बळासाठी नसते. ती उन्हापासून रक्षण करणारी छत्री असते. दगडाला घासताना पहिली झीजही तेच सोसते. म्हणून सोळा फूट लांबीची अशी कनू सुमारे तीस किलो वजनात तयार होऊ शकते, आणि खडकावर आदळली तर ॲल्युमिनियमसारखी अडकून न बसता त्यावरून घसरून पुढे जाते.

या द्रव्याच्या कणखरपणाची मोठी ख्याती होती. मेन राज्यातील ओल्ड टाऊन या कंपनीने आपली एक कनू कारखान्याच्या छपरावरून खाली टाकून दाखविली, आणि त्या प्रसंगाची छायाचित्रे जाहिरातीत छापली. खाली पडलेली होडी फुटली नव्हती. जाहिरात खोटी नव्हती. परंतु ती पाहणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवणे जरूर होते. छपरावरून टाकलेली होडी नवी होती. तीस उन्हाळे आणि तीस हिवाळे सोसलेली होडी छपरावरून टाकून पाहण्याचे कोणाला सुचले नाही. जुनी कनू घेणाऱ्यापुढे नेमका हाच प्रश्न असतो.

हा प्रश्न अलीकडे अधिक महत्त्वाचा झाला आहे, त्याला कारण आहे. रॉयलेक्सचा धंदा पुढे स्पार्टेक या कंपनीकडे गेला होता. २०१३ साली पॉलिवन या कंपनीने स्पार्टेक विकत घेतली, आणि त्यानंतर रॉयलेक्सचे उत्पादन थांबविण्यात आले. होड्या बांधणाऱ्यांच्या वखारीत जे पत्रे शिल्लक होते ते थोड्याच काळात संपले. कॅनडाच्या क्युबेक प्रांतातील एस्किफ या होडीवाल्यांनी टी-फॉर्मेक्स नावाचे त्याच जातीचे नवे द्रव्य पुढे आणले खरे. पण ज्या हजारो होड्या आज अंगणांतून आणि कोठारांतून दिसतात, त्या बहुतेक जुन्या रॉयलेक्सच्याच आहेत. म्हणजे आता रॉयलेक्सची कनू घेणारा प्रत्येक जण दहा वर्षांहून जुनी वस्तू घेत असतो. कित्येकदा तिचे वय घेणाऱ्याच्या वयाएवढेही असते.

परंतु वर्षांची संख्या पाहून होडी नाकारणे, हेही ती न पाहता घेण्याइतकेच चुकीचे ठरेल. चाळीस वर्षांची एखादी कनू अजून खडकाशी टक्कर देण्याजोगी असते, तर पंधरा वर्षांची एखादी हात लावताच तडकते. कारण या द्रव्याचे वय पंचांगावर मोजता येत नाही. ते तीन गोष्टींनी मोजावे लागते: तिने किती ऊन सोसले, किती थंडी सोसली, आणि ती किती घासली गेली. होडीची पारख म्हणजे या तीन खुणा वाचण्याची विद्या होय.

प्रथम उन्हाचा विचार करू. एबीएस हे तीन घटकांचे प्लास्टिक आहे, आणि त्यातील एक घटक रबराच्या जातीचा असतो. बाहेरून बसलेला धक्का हा रबरी अंश गिळून टाकतो, म्हणून एबीएस फुटत नाही. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण आणि हवेतील प्राणवायू यांचा पहिला मारा नेमका या रबरी अंशावर होतो. तो नष्ट झाला की उरलेले द्रव्य काचेसारखे ताठ व ठिसूळ बनते. जोपर्यंत वरचे व्हिनाइल शाबूत आहे, तोपर्यंत हा मारा आतवर पोहोचत नाही. मात्र वर्षानुवर्षे उघड्यावर पडलेल्या होडीचे व्हिनाइलही फिके, कोरडे आणि पातळ होते, आणि मग छत्री असून नसल्यासारखी होते.

दुसरा शत्रू थंडी. पण तिचे काम एकटीने होत नाही. तिला स्क्रूची मदत लागते. पुष्कळ जुन्या कनूंच्या काठांना ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाची लांब पट्टी आतून व बाहेरून स्क्रूंनी बसविलेली असते. थंडीत लाकूड लांबीच्या दिशेने फारच थोडे आखडते. प्लास्टिक मात्र पुष्कळ आखडते. उन्हाळ्यातील तीस अंशांवरून पारा हिवाळ्यात उणे तीस अंशांवर गेला, तर पाच मीटर लांबीचे प्लास्टिक दोन सेंटीमीटरांहून अधिक आखडू पाहते, आणि तेवढेच लाकूड जेमतेम एक-दोन मिलीमीटर. स्क्रू घट्ट आवळलेले असले तर प्लास्टिकला आखडण्यास वाव मिळत नाही. ते ताणले जाते, आणि एखाद्या गोठलेल्या रात्री स्क्रूच्या छिद्रापासून तडकते. म्हणून जाणती माणसे हिवाळ्यापूर्वी काठाचे स्क्रू सैल करून ठेवतात आणि वसंतात पुन्हा आवळतात. ज्याने ही काळजी घेतली नाही, त्याची होडी पाण्यात न उतरताही कोठारात उभी राहून फुटते.

तिसरी गोष्ट घासण्याची. कनू जमिनीवर ओढत नेली किंवा किनाऱ्यावर जोराने चढविली, की सारा भार तिच्या दोन टोकांखालच्या हातभर जागेवर येतो. तेथे प्रथम व्हिनाइल झिजते, मग घट्ट एबीएस झिजते, आणि अखेर फेस उघडा पडतो. तळाच्या मध्यावरचे ओरखडे दिसायला भयंकर असले तरी बहुधा उथळ असतात. टोकांखालची झीज दिसायला लहान असली तरी खोल असू शकते.

हे तीन शत्रू ध्यानात घेतले म्हणजे तपासणीचा क्रम आपोआप ठरतो. होडी पाहावयास भर दिवसा जावे. ती धुऊन कोरडी केलेली असावी, पण तिच्यावर चकाकी आणणारे कोणतेही तेल वा द्रव चोपडलेले नसावे. कारण त्याने फिकेपणा आणि बारीक भेगा दोन्ही झाकल्या जातात. तसे केलेले दिसले, तर ओल्या फडक्याने एक जागा स्वच्छ करून पाहण्यास हरकत नाही. मात्र ॲसिटोनसारखा द्रव त्यासाठी वापरू नये. तो एबीएसला विरघळवितो.

पहिल्याने होडीची जात निश्चित करावी. प्लास्टिकची प्रत्येक कनू रॉयलेक्सची नसते. काही कनू पॉलिएथिलीनच्या असतात. त्या हाताला मेणचट लागतात आणि उचलताना जड जातात. काचतंतूच्या होडीच्या आतल्या अंगाला बहुधा कापडाची वीण दिसते. रॉयलेक्सला दोन्ही अंगांनी व्हिनाइलचा सारखा पृष्ठभाग असतो, आणि कोठे एखादे छिद्र अथवा कापलेली कड दिसली, तर थर उघड मोजता येतात. हे जाणणे जरूर आहे, कारण एका द्रव्याची दुरुस्ती दुसऱ्याला चालत नाही.

त्यानंतर जन्मवर्ष पाहावे. अमेरिकेत नोव्हेंबर १९७२ पासून बांधलेल्या होड्यांच्या मागच्या टोकाजवळ, उजव्या अंगाला, बारा अक्षरांचा क्रमांक कोरलेला असतो. त्यातील पहिली तीन अक्षरे बांधणाऱ्याची असतात. १९८४ च्या ऑगस्टपासून शेवटच्या चार चिन्हांत काळ सांगण्याची एकच पद्धत ठरलेली आहे: प्रथम महिन्याचे अक्षर, मग वर्षाचा शेवटचा अंक, आणि मग नमुन्याच्या वर्षाचे दोन अंक. रोमन वर्णमालेतील ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी, असा हिशेब असतो. म्हणजे शेवटी ‘सी ३९३’ असे असेल, तर ती होडी मार्च १९९३ मध्ये बांधलेली, १९९३ च्या नमुन्याची. विकणारा ‘पाच-सात वर्षांची असेल’ असे म्हणत असला आणि क्रमांक वेगळे सांगत असला, तर त्याच्या इतर उत्तरांचे वजन किती धरावयाचे तेही कळून येते.

आता होडी सपाट जमिनीवर पालथी ठेवावी आणि एका टोकाशी खाली बसून, डोळा तळाच्या रेषेत आणून पाहावे. रेषा सरळ किंवा थोडी कमानदार असावी. मध्येच आतल्या बाजूला खोलगट झालेली नसावी. तळ असा आत गेलेला असेल, तर ती होडी उन्हात गाडीच्या टपावर फार आवळून बांधली गेली असेल, किंवा वर्षानुवर्षे चुकीच्या टेकूवर राहिली असेल. दोन्ही टोके एकाच उभ्या पातळीत आहेत की एकमेकांशी पिळलेली आहेत, हेही याच वेळी दिसते. रॉयलेक्सला आपला आकार आठवतो. लहानसा पोचा उन्हात तापला की पुष्कळदा आपोआप भरून येतो. परंतु संपूर्ण देहाचा पीळ तसा जात नाही, आणि पिळलेली होडी आयुष्यभर एका बाजूला ओढते.

यानंतर ऊन वाचावे. बसण्याच्या पट्टीखालचा, टोकांवरील आच्छादनाच्या सावलीतला मूळ रंग आणि उघड्या अंगाचा रंग यांची तुलना करावी. थोडा फिकेपणा क्षम्य आहे. बोट फिरविल्यावर खडूसारखी भुकटी लागली, तर छत्री झिजू लागली असे समजावे. पण सुकलेल्या तळ्याच्या चिखलासारखे बारीक भेगांचे जाळे पृष्ठभागावर पसरलेले दिसले, तर मात्र सावध व्हावे. तेथे व्हिनाइलचे रक्षण संपले आहे, आणि खालचे एबीएस ठिसूळ होऊ लागले असण्याचा संभव फार मोठा आहे. होडी उताणी ठेवलेली असली तर हे जाळे आतल्या तळावर आधी दिसते, म्हणून आतून पाहण्यास विसरू नये. बाहेरून नवी भासणारी होडी आतून म्हातारी असू शकते.

मग काठ पाहावा. ज्या कनूचा काठ लाकडी आहे तिच्या बाबतीत ही तपासणी सर्वांत महत्त्वाची होय. काठपट्टीच्या खालून, प्रत्येक स्क्रूच्या जागेपासून खाली उतरणारी उभी रेषा दिसते का, हे दोन्ही बाजूंनी, आतून आणि बाहेरून, सावकाश पाहत जावे. ओरखडा आणि भेग यांतील फरक नखाने कळतो: ओरखड्यावरून नख घसरते, भेगेत ते अडते. शंका आल्यास काठ दोन्ही हातांनी धरून किंचित वाकवावा. भेग असेल तर ती तोंड उघडते. भेग एकाच अंगाला आहे की आरपार गेली आहे, हे जरूर पाहावे. एखादी लहान भेग दुरुस्त होते. तिच्या टोकाशी बारीक छिद्र पाडून तिची वाढ थांबवितात, भेग थोडी रुंद करून तीत इपॉक्सी भरतात, आणि वर काचतंतूचे कापड बसवितात. परंतु दर एक-दोन स्क्रूंमागे भेग असलेली होडी म्हणजे काळजी न घेतलेल्या हिवाळ्यांचा दाखलाच होय. आज न दिसणारी पुढची भेग येत्या थंडीत दिसणार, हे गृहीत धरावे.

टोकांखालची झीज तपासताना रंगांचा क्रम पाहावा. वरचा रंग जाऊन खाली वेगळ्या रंगाचा घट्ट, गुळगुळीत थर दिसत असेल, तर केवळ व्हिनाइल गेले आहे. तेवढी जागा झाकून घेतली की काम भागते. त्याखालचा भुसभुशीत, बारीक छिद्रांचा फेस दिसत असेल, तर होडीचे बळच तेथे झिजले आहे, आणि दुरुस्तीवाचून ती पाण्यात घालणे योग्य नव्हे. पुष्कळ कनूंच्या टोकांवर राळेत भिजविलेल्या जाड कापडाचे ठिगळ बसविलेले असते. ते नवी असतानाच काळजीपोटी बसविलेले आहे, की झिजलेली जागा झाकण्यासाठी, हे त्याच्या कडा पाहून आणि विकणाऱ्याला विचारून ठरवावे. जुने ठिगळ कडेने सुटत असेल, तर ते बहुधा पॉलिएस्टर राळेने बसविलेले असते. ती राळ या प्लास्टिकला धरून राहत नाही. असे ठिगळ दुरुस्ती नसून दुरुस्तीचा देखावा असतो.

आता मडक्याची कसोटी. तळ पेरांनी टकटक वाजवीत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जावे. नाद सर्वत्र जवळजवळ सारखा असावा. जेथे तो एकाएकी बद्द किंवा पोकळ येतो, तेथे वरचा थर फेसापासून सुटलेला असण्याचा संभव आहे. त्या जागी तळव्याने दाबून पाहावे. तळ थोडा आत जाऊन परत येतो, एवढ्यावरून भिण्याचे कारण नाही. रुंद, सपाट तळाच्या कनूंचा तो स्वभावच असतो. परंतु दाबताना करकर असा आवाज आला, कातडी आतल्या भागापासून वेगळी सरकल्यासारखी वाटली, किंवा एका रेषेत घडी पडल्याची खूण दिसली, तर त्या जागी होडी पूर्वी मोडता मोडता वाचलेली आहे. अशी घडी दिसली की लगेच तिच्या वरचा काठ पाहावा. ॲल्युमिनियमचा काठ तेथेच वाकवून सरळ केलेला दिसला, तर गोष्ट उघड होते: ही कनू कधीतरी ओढ्याच्या जोरदार प्रवाहात खडकाभोवती गुंडाळली गेली होती. रॉयलेक्स अशा प्रसंगातूनही उठून उभे राहते, ही त्याची थोरवी. पण घडीवरची रेषा पुढे कमजोर राहते, ही त्याची मर्यादा.

लाकडाचे आणि धातूचे भाग शेवटी पाहावे, कारण त्यांचे दोष बदलता येतात. टोकांशी आणि स्क्रूंच्या छिद्रांशी लाकूड टोचून पाहावे. टोचणी सहज रुतली तर ते कुजलेले आहे. बैठकीचे वेत, मधली आडवी पट्टी, बोल्ट, हे सारे नवे बसविता येते. नवख्या खरेदीदाराचे नेमके येथेच चुकते. फाटकी बैठक पाहून तो चांगली होडी सोडून देतो, आणि नव्या बैठकीला भुलून ठिसूळ होडी घरी आणतो. बैठक बदलता येते. उन्हाने गेलेला रबरी अंश पुन्हा घालता येत नाही.

तपासणी झाल्यावर विकणाऱ्याला तीन प्रश्न विचारावे: हिवाळ्यात ती कोठे राहत होती, काठाचे स्क्रू कधी सैल केले जात होते का, आणि पाण्यापर्यंत ती उचलून नेली जाई की ओढत. ज्याने होडी सांभाळली आहे तो या प्रश्नांनी खूश होतो आणि विचारल्याहून अधिक सांगतो. ज्याला या प्रश्नांचा अर्थच कळत नाही, त्याच्या होडीची तपासणी आणखी एकदा करावी. शक्य असेल तर शेवटी ती किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात, अंगावर जीवरक्षक जाकीट चढवून, घटकाभर चालवून पाहावी, आणि बाहेर काढल्यावर शंकास्पद जागा आतून ओल्या झाल्या आहेत का, हे बघावे.

या साऱ्या निरीक्षणांची बेरीज करताना दोषांचे तीन वर्ग करणे सोयीचे पडते. फिका रंग, तळाचे ओरखडे, दाबल्यावर परत येणारा तळ, फाटकी बैठक, हे पहिल्या वर्गात येतात. त्यांनी किंमत उतरते, आयुष्य उतरत नाही. टोकांवर उघडा पडलेला फेस, एक-दोन भेगा, कुजलेला काठ, हे दुसऱ्या वर्गात येतात. दुरुस्तीचा खर्च आणि श्रम किमतीतून वजा करून मगच बोलणी करावी. सर्व अंगावर पसरलेले भेगांचे जाळे, काठाकाठाने आरपार गेलेल्या अनेक भेगा, विस्तृत जागेत सुटलेले थर, आणि देहाचा पीळ, हे तिसऱ्या वर्गात येतात. अशी होडी फुकट मिळाली तरी महाग पडते.

महाग म्हणण्याचे कारण केवळ पैसा नव्हे. कनूतून जाणारा माणूस रस्त्यापासून दोन-दोन, तीन-तीन दिवसांच्या वाटेवर जातो. त्या प्रदेशातील पाणी उन्हाळ्याच्या आरंभीही बर्फासारखे थंड असते. थंड पाण्यात पडलेल्या माणसाचा श्वास प्रथम सुटतो, आणि थोड्याच मिनिटांत हातापायांतील बळ ओसरते; पोहता येणारा माणूसही तेथे हतबल होतो. विकणाऱ्याच्या अंगणात सापडलेली भेग हा घासाघिशीचा विषय असतो. तीच भेग सरोवराच्या मध्यावर सापडली, तर ती वल्हविणाऱ्याच्या आणि त्याच्यासोबत बसलेल्या मुलाबाळांच्या जिवाचा विषय होते. कोणतेही प्लास्टिक, कितीही प्रसिद्ध असले तरी, या जबाबदारीतून घेणाऱ्याला मोकळे करीत नाही.

आणि घेणाऱ्याची जबाबदारी खरेदीने संपत नाही. होडी घरी आणल्यावर ती पालथी, जमिनीपासून उचललेली आणि सावलीत ठेवावी. लाकडी काठ असल्यास थंडीपूर्वी स्क्रू सैल करावे. पाण्याकडे नेताना ओढू नये, उचलावी. या चार नियमांना पैसा लागत नाही, केवळ आठवण लागते. ज्या होडीचा पत्रा आता कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही, तिच्यासाठी एवढी आठवण ठेवणे गैर नव्हे. पुढे कधीतरी तिच्या अंगणाशीही कोणी अनोळखी माणूस येईल, खाली वाकून पेरांनी तळ वाजवील, आणि कान देऊन ऐकेल. त्या वेळी त्याला जो नाद ऐकू येईल, तो आजच्या मालकाने काय केले आणि काय केले नाही, हेच सांगेल.